काकतीचे शेत आणि सरकारचे कुंपण

बेळगाव परिसरातून गोव्यापर्यंत पोहोचणाऱ्या बातम्यांत अलीकडे दोन विषय पुन्हा पुन्हा दिसतात. एक रस्त्यांसाठी होणाऱ्या भूसंपादनाचा आणि दुसरा उसाच्या दराचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील ऊस उत्पादक टनाला ३,५०० रुपये मागत रस्त्यावर उतरले. गुर्लापूर क्रॉस हे त्या आंदोलनाचे केंद्र बनले आणि अखेर मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांच्या सरकारने ३,३०० रुपयांवर तोडगा काढला. दुसरीकडे बेळगावच्या भोवती आखलेल्या रिंगरोडविरुद्धचा शेतकऱ्यांचा विरोध काही वर्षांपासून धुमसतो आहे. वरवर पाहता या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: माझ्या मालकीच्या वस्तूची किंमत कोण ठरवणार? उसाची किंमत ठरवणारा वेगळाच, जमिनीची किंमत ठरवणारा वेगळाच. उताऱ्यावर ज्याचे नाव आहे, त्याला मात्र दोन्ही ठिकाणी फक्त हरकत नोंदवण्याची मुभा.

खाजगी मालमत्ता, भांडवलशाही आणि सरकारचे कार्यक्षेत्र यांवरील चर्चा आपल्याकडे बहुधा मोठे उद्योगपती आणि मोठ्या कंपन्या यांच्याभोवतीच फिरते. भांडवलशाहीचे समर्थक त्यांच्या बाजूने बोलतात, विरोधक त्यांच्याविरुद्ध. दोन-तीन एकरांचा मालक असलेला शेतकरी या वादात कोणाच्याच पक्षात नसतो. वास्तविक या देशात खाजगी मालमत्तेचा सर्वांत मोठा समूह त्याचाच आहे आणि सरकारी लेखणीच्या एका फटकाऱ्याने सर्वाधिक धोक्यात येणारी मालमत्ताही त्याचीच. हा प्रश्न समजून घ्यायचा, तर पुणे-बेंगळूरु महामार्गावर बेळगावच्या उत्तरेस असलेल्या काकती या गावाइतके योग्य ठिकाण दुसरे सापडणे कठीण.

कंपनी आणि सरकार एक झाले तेव्हा

काकती हे कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे जन्मगाव. त्यांच्या लढ्याची आठवण बहुधा शौर्यगाथा म्हणून केली जाते आणि ते योग्यच आहे. पण त्या संघर्षाचे कारण नीट पाहिले, तर तो मालकीचा दावा होता. सप्टेंबर १८२४ मध्ये कित्तूरचे देसाई शिवलिंगरुद्र सर्ज निपुत्रिक वारले. त्यांच्यामागे दत्तकाचा वारसा सांगितला गेला. धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने तो दत्तक अमान्य केला आणि कित्तूरच्या खजिन्यावर पहारा बसवला. २३ ऑक्टोबर १८२४ च्या लढाईत थॅकरे मारला गेला. डिसेंबरात इंग्रजांनी मोठी फौज आणून कित्तूर घेतले आणि राणी बैलहोंगलच्या कैदेत १८२९ साली निधन पावल्या.

या घटनेत लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की वारसा वैध की अवैध याचा निवाडा करणारी संस्था तीच होती, जिला तो अवैध ठरल्याने दौलत मिळणार होती. ईस्ट इंडिया कंपनी ही नफ्यासाठी स्थापन झालेली व्यापारी संस्था. तिच्याच हाती महसूल, न्याय आणि फौज आली. मराठी माणसाने या अजब मिश्रणाला अचूक नाव दिले: कंपनी सरकार. व्यापारी आणि राज्यकर्ता एकाच खुर्चीत बसला की कोणाचाही दस्तऐवज सुरक्षित राहत नाही. पुढे १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि दक्षिण मराठा मुलखातील हजारो इनामदारांना आपापली सनद दाखवून हक्क सिद्ध करण्यास फर्मावण्यात आले. पिढ्यानपिढ्यांची वहिवाट पुरेशी मानली गेली नाही. कागद नसेल तर जमीन सरकारजमा. त्यातून जो असंतोष माजला, त्याची एक ठिणगी १८५८ साली नरगुंदला पडली.

अर्थात या इतिहासावरून सरकार नेहमीच मालमत्तेचे शत्रू असते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. स्वातंत्र्यानंतर सरकारनेच लाखो लोकांना मालक केले. कुळकायद्यांनी कसणाऱ्याच्या नावावर जमीन चढवली. कर्नाटकात १९७४ च्या दुरुस्तीने हे काम वेगाने झाले. गोव्यात १९७५ चा मुंडकार कायदा आणि १९७६ ची कूळ कायद्यातील पाचवी दुरुस्ती यांनी भाटकारशाहीला धक्का दिला. आज काकती, कडोली, हलगा किंवा पेडणे, सत्तरीत जे अनेक छोटे शेतकरी आपल्याला मालक म्हणून दिसतात, त्यांतील कित्येकांच्या आजोबांचे नाव उताऱ्यावर कूळ म्हणून होते. म्हणजे मालकी ही केवळ निसर्गाची देणगी नव्हे. कायद्याने ती घडते. नेमके म्हणूनच कायदा ज्या हाताने ती देतो, त्याच हाताने ती किती सहज काढून घेऊ शकतो, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

संविधानाच्या मूळ संहितेत मालमत्ता हा मूलभूत हक्क होता. जमीनदारी मोडण्यासाठी १९५१ च्या पहिल्याच दुरुस्तीने त्याला मुरड घातली आणि नववी अनुसूची निर्माण झाली. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने तो मूलभूत हक्कांच्या यादीतून वगळला गेला. उरले ते ‘३०० अ’ हे कलम: कायद्याने दिलेल्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही. बड्या जमीनदाराला आवरण्यासाठी उघडलेल्या या वाटेने पुढे बुलडोझर शिरला, तो मात्र दोन एकरवाल्याच्या शेतात.

रस्ता कोणाचा, जमीन कोणाची

काकतीला लागूनच होनगा आहे. बेळगावच्या नियोजित रिंगरोडचा होनगा ते झाडशहापूर हा टप्पा तिथून निघतो. शहरावरील वाहतुकीचा भार हलका व्हावा, हा त्यामागचा हेतू. या रस्त्याविरुद्ध नोव्हेंबर २०२२ मध्ये बेळगावात शेतकऱ्यांचा चाबूक मोर्चा निघाला होता. त्याआधीपासून हलगा-मच्छे बायपासचा वाद सुरू आहे. पुणे-बेंगळूरु महामार्ग आणि खानापूरमार्गे गोव्याकडे येणारा रस्ता यांना जोडणारा हा बायपास शहापूर-वडगावच्या शिवारातून जातो. बेळगावी बासमती म्हणून ओळखला जाणारा सुवासिक तांदूळ पिकवणारी ही काळीभोर, वर्षातून एकाहून अधिक पिके देणारी जमीन. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथे पोलीस बंदोबस्तात यंत्रे उतरली, तेव्हा शेतकरी आडवे झाले. मूळ अधिसूचनेप्रमाणे रस्त्याचा ‘झिरो पॉइंट’ नेमका कुठला, हा वाद न्यायालयात गेला.

रस्ते नकोत, असे म्हणणारा शेतकरी विरळा. भाजीची गाडी पहाटे वेळेवर पणजी-म्हापशात पोहोचावी, हे त्यालाही हवेच असते. त्याची तक्रार व्यवहाराच्या रीतीबद्दल आहे आणि ती रीत समजून घेण्यासारखी आहे.

राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घेतली जाते ती १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली. अधिसूचना निघाल्यापासून हरकत घेण्यास मुदत २१ दिवसांची. त्यानंतर अंतिम घोषणा प्रसिद्ध झाली की जमीन केंद्र सरकारच्या मालकीची होते. मोबदल्याचे पुढे पाहिले जाते. मोबदला ठरवणारा सक्षम प्राधिकारी सरकारने नेमलेला. तो मान्य नसेल तर लवादाकडे जायचे आणि तो लवादही केंद्र सरकारनेच नेमलेला. खरेदीदार, दर ठरवणारा आणि निवाडा करणारा हे तिघेही एकाच घरचे. कित्तूरच्या खजिन्यावर पहारा बसवणाऱ्या अधिकाऱ्याची आठवण इथे झाली, तर ती अगदीच अस्थानी नाही.

सरकारी अधिकारी सांगतात, की २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याने ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला मिळतो. कागदावर हे खरे आहे. बाजारभावाला एक ते दोन या दरम्यानचा गुणक लावतात आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम देतात. २०१५ पासून महामार्गांच्या संपादनालाही हे लागू आहे. पण ‘बाजारभाव’ म्हणजे काय? तो काढला जातो नोंदणीकृत खरेदीखतांवरून किंवा सरकारी मार्गदर्शी दरावरून. मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी खरेदीखतात रक्कम कमी दाखवण्याची प्रथा सर्वांना ठाऊक आहे. समजा, कागदोपत्री एकरी दर दहा लाख आहे. गुणक दोन धरला तर वीस लाख, दिलासा रक्कम मिळून चाळीस लाख. पण शहरालगतच्या त्याच शिवारात प्रत्यक्ष व्यवहार एकरी एक कोटीने होत असतील, तर चौपट म्हणून गाजवलेली ही भरपाई निम्म्याहूनही कमी भरते. शिवाय गुणक दोनच मिळेल, याचीही खात्री नसते.

त्याहून मोठा अन्याय पुढे घडतो. रस्ता झाल्यावर दोन्ही बाजूंच्या जमिनीचे भाव वाढतात. ही वाढ ज्याची जमीन रस्त्याखाली गेली त्याला मिळत नाही. ती मिळते शेजाऱ्याला आणि ज्यांना रस्त्याची आखणी आधी कळते, अशा गुंतवणूकदारांना. कर्नाटकाने २०२० साली जमीन सुधारणा कायद्यातील ‘७९ अ’ आणि ‘७९ ब’ ही कलमे रद्द करून बिगरशेतकऱ्यांनाही शेतजमीन खरेदी करण्याची वाट मोकळी केली. तत्त्वतः हे शेतकऱ्याचे विक्रीस्वातंत्र्य वाढवणारे पाऊल आहे. त्याला जास्त गिऱ्हाईक मिळते. पण एका बाजूने विकण्याचे स्वातंत्र्य आणि दुसऱ्या बाजूने कागदी दराने सक्तीची खरेदी अशी स्थिती असेल, तर ते स्वातंत्र्य ज्याला आखणीचा सुगावा आधी लागतो त्याच्याच कामी येते.

भाषेचा पदर तर सीमाभागापुरता स्वतंत्रच आहे. महामार्ग कायद्यानुसार अधिसूचनेची माहिती दोन स्थानिक वृत्तपत्रांत द्यावी लागते आणि त्यांपैकी एक स्थानिक भाषेतील असावे लागते. कर्नाटकात ती भाषा कन्नड असल्याचे गृहीत धरले जाते. मराठीतून शिकलेल्या शेतकऱ्याला आपल्याच सर्व्हे नंबरची सूचना दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते आणि २१ दिवसांचा हिशेब त्याच्या दारी पोहोचण्याआधीच सुरू झालेला असतो.

न्यायालयाने मात्र अलीकडे या हक्काला पुन्हा अर्थ दिला आहे. मे २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘३०० अ’ मध्ये सात उपहक्क अंतर्भूत असल्याचे सांगितले: सूचना, सुनावणी, सकारण निर्णय, सार्वजनिक प्रयोजन, न्याय्य मोबदला, कार्यक्षम प्रक्रिया आणि प्रक्रियेची विहित समाप्ती. त्याच वर्षी नोव्हेंबरात नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बहुमताने असा निर्वाळा दिला, की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही. महाराष्ट्रातील इमारतमालकांच्या याचिकेवरचा हा निकाल असला, तरी त्याचा आशय दोन एकरांच्या शेतालाही लागू आहे.

सरकार दलाल होते तेव्हा

रस्ता निदान सर्वांचा असतो. कारखाना, टाऊनशिप, गोदाम यांसाठी सरकार जमीन घेऊन खाजगी उद्योगाला देते, तेव्हा प्रश्न अधिक टोकदार होतो. होनग्याच्या औद्योगिक वसाहतीसारख्या वसाहतींनी या भागाला रोजगार दिला, हे नाकारता येत नाही. पण राज्यांच्या औद्योगिक विकास मंडळांची जी रीत देशभर रूढ झाली, तिच्यात सरकार शेतकऱ्याकडून सक्तीने घेते आणि उद्योजकाला वाटप करते. भांडवलशाहीचा मूळ नियम संमतीने होणाऱ्या सौद्याचा. इथे तोच नाहीसा होतो. उद्योजकाला शेतकऱ्याशी बोलावेच लागत नाही. त्याला मंत्रालयाशी बोलले की पुरते. मग ज्याची ओळख तिथे आहे, तोच उद्योजक मोठा होतो. याला भांडवलशाही म्हणणे हा त्या शब्दाचाही अपमान आहे.

दुसरी वाट नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. पुण्याजवळ हडपसरला मगरपट्ट्यातील सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र करून स्वतःचीच कंपनी काढली आणि त्या जमिनीवर शहर वसवले. जमीन हातातून गेली नाही, तिचे भागभांडवल झाले. शेतकरी विस्थापित न होता भागधारक बनला. सरकारने तिथे काय केले? नियोजनाची परवानगी दिली, नोंदणी केली आणि बाजूला झाले. प्रत्येक गावाला हे जमेल असे नाही. त्यासाठी एकोपा, नेतृत्व आणि शहराची जवळीक लागते. तरी यातून एवढे सिद्ध होते, की शेतकरी भांडवलशाहीला घाबरतो हा समज खोटा आहे. त्याला वाट मिळाली तर तो स्वतः भांडवलदार होतो.

काकतीतच मार्कंडेय सहकारी साखर कारखाना आहे. सहकारी कारखाना हीदेखील मूळ कल्पनेत शेतकऱ्यांची भागीदारीच: ऊसवाला हाच मालक. पण या धंद्याचे जवळपास प्रत्येक टोक सरकारच्या हाती आहे. उसाचा रास्त व किफायतशीर दर केंद्र ठरवते. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला तो क्विंटलमागे ३५५ रुपये आहे आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. साखरेची किमान विक्री किंमत केंद्राने २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये केली. निर्यातीला परवानगी द्यायची की नाही, इथेनॉल कशापासून किती करायचे, हेही दिल्लीत ठरते. अशा स्थितीत दराचा तिढा निर्माण झाला की शेतकरी कारखान्याकडे बोट दाखवतो, कारखाना राज्याकडे, राज्य केंद्राकडे. मग मुख्यमंत्र्यांना स्वतः बैठक घेऊन टनाचा भाव जाहीर करावा लागतो. दर वर्षी हंगामाच्या तोंडावर हेच घडते आणि दर वर्षी ते पहिल्यांदा घडल्यासारखे वाटते.

याचा अर्थ सरकारने हात झटकावेत, असा होत नाही. याच महामार्गावर उत्तरेला निपाणी आहे. १९८१ साली तिथे शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी ठिय्या दिला. तंबाखूचा भाव मोजक्या व्यापाऱ्यांच्या मर्जीवर चालत होता. माल शेतकऱ्याचा, प्रतवारी व्यापाऱ्याची आणि हिशेबही व्यापाऱ्याचा. नाव बाजाराचे, पण स्पर्धा कुठेच नाही. तिथे सरकारचे काम होते ते व्यापाऱ्यांची ही पकड सोडवण्याचे. सरकारने पोलीस पाठवले. ६ एप्रिल १९८१ रोजी झालेल्या गोळीबारात बारा शेतकरी मारले गेले. शेतकऱ्याला भीक नको, घामाचे दाम हवेत, अशी जोशींची मांडणी होती. पुढच्या आयुष्यात ते खुल्या बाजाराचे आणि मालमत्तेच्या हक्काचे ठाम पुरस्कर्ते राहिले. निपाणीने शिकवलेला धडा दुहेरी आहे. सरकार बाजारात व्यापारी म्हणून उतरले तर नुकसान होते. पंच म्हणून उभे राहिले नाही, तरीही नुकसानच होते.

गोव्याचा या साऱ्याशी संबंध काय

संबंध फार जवळचा आहे. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर आपण सवलतीत घेतो ती भाजी बव्हंशी बेळगाव परिसरातून येते. आपल्याकडे येणारे रस्ते रुंद होतात ते कोणाच्या तरी शिवारातून. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग वर्धा जिल्ह्यातील पवनारपासून आपल्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत सुमारे ८०० किलोमीटरचा आखला गेला आणि कोल्हापूर जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी त्याला कडाडून विरोध केला. रस्त्याच्या नावात गोवा आहे; जमीन मात्र दुसऱ्याची आहे. ज्या भाजीवर आणि ज्या शिवारावर आपण जगतो, ते शिवारच कमी होत गेले तर सवलत कशावर देणार?

शिवाय आपल्या घरातही सरकार याच दोन भूमिका वठवते आहे. धारबांदोड्याच्या संजीवनी साखर कारखान्यात भागधारक शेतकरी असले, तरी सूत्रे सरकारच्याच हाती राहिली. गाळप बंद पडले आणि इथला ऊस सीमेपलीकडे खानापूरला जाऊ लागला. मालकाला निर्णयाचा हक्क नसला की मालकी कशी पोकळ होते, याचे याहून जवळचे उदाहरण आपल्याला नको. जमिनीच्या बाबतीत नगर व ग्रामनियोजन कायद्यात १७(२) हे कलम आले. एकेका मालकाच्या अर्जावर प्रादेशिक आराखड्यातील विभाग बदलण्याची वाट त्याने उघडली. उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये त्याखालील नियम रद्द ठरवले. बेळगावला सरकारची लेखणी शेतकऱ्याची किंमत कमी करते, तर गोव्यात ती निवडक मालकाची किंमत वाढवते. दोन्ही ठिकाणी किंमत शेतात किंवा बाजारात ठरत नाही. ती सरकारी टेबलावर ठरते. आणि जिथे किंमत टेबलावर ठरते, तिथे टेबलाखालचे व्यवहार अपरिहार्य होतात.

मग सरकारचे योग्य काम कोणते? पहिले, उतारा चोख ठेवणे. कर्नाटकात पहाणी म्हणा, गोव्यात एक-चौदा म्हणा; ज्याचा हक्क त्याचे नाव आणि सूचना त्याच्या भाषेत. दुसरे, जिथे सार्वजनिक रस्त्यासाठी सक्ती अटळ आहे, तिथे मोबदला ठरवणारा आणि वाद ऐकणारा संपादन करणाऱ्या खात्यापासून पूर्णतः स्वतंत्र असणे. तिसरे, रस्त्यामुळे वाढणाऱ्या किमतीत जमीन गमावणाऱ्यालाही वाटा देणे. विकसित भूखंडाच्या रूपाने ते शक्य आहे. चौथे, खाजगी उद्योगाने जमीन संमतीने घ्यावी, सरकारने मध्यस्थ बनू नये. आणि पाचवे, जिथे मोजके खरेदीदार भाव पाडतात, तिथे पंचाची शिट्टी वाजवणे. यांपैकी कोणतीही गोष्ट डावी वा उजवी नाही. ही साधी घरधन्याची अपेक्षा आहे.

कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागायची, असे आपल्याकडे म्हणतात. शेताला कुंपण लागते, हे कोणी नाकारत नाही. गुरे मोकाट असतात आणि शेजारीही प्रत्येक वेळी सज्जन असतोच असे नाही. सरकारने कुंपण व्हावे, उंच व्हावे, भक्कम व्हावे. पण पीक कोणते, कोणाला आणि काय भावाने विकायचे, हे कुंपण ठरवू लागले, की शेतकऱ्याच्या हाती उरतो तो फक्त उतारा. दोनशे वर्षांपूर्वी काकतीच्या लेकीने ‘कंपनी सरकार’ या जोडशब्दाशी झुंज घेतली. त्या शब्दातील कंपनी आणि सरकार पुन्हा एक होणार नाहीत, याची दक्षता घेणे हे आजच्या लोकशाहीचे काम आहे. ते काम बेळगावच्या शिवारात जेवढे निकडीचे आहे, तेवढेच गोव्याच्या खाजनांत आणि मोरोडांतही आहे.